काला अंब, घरसभेची वही आणि अकरा महिन्यांचा अबोला

अकरा महिने इथे एक ओळसुद्धा लिहिली नाही. "बाई, ब्लॉग बंद केला का?" असं विचारणाऱ्यांना मी "गुडघे दुखतात हो" असं ठोकून देत होते. गुडघे ठणठणीत आहेत. खरं कारण आधी सांगते आणि मग तुम्हाला दिल्लीला नेते, कारण ते गाळून ही सहल सांगताच येणार नाही.

मागच्या मार्चमध्ये माझे यजमान सुधाकर गेले. दोन वर्षं किडनीचं दुखणं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि शेवटी इन्फेक्शन. इथले सगळे फोटो त्यांनी काढलेले असायचे, मी नुसती बडबड करणारी. आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि तेवढीच वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवलं की प्रार्थनेला उत्तर मिळतंच. सुधाकरसाठी मी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केली. ते गेले त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद झाली. चर्चला जात होते, बाकावर बसत होते, उठा म्हटलं की उठत होते. ओठ मिटलेले. लोक मायेनं सांगायचे, "देवाची इच्छा." मी हो म्हणायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

दुसरा अबोला धाकट्या भावाशी. बाळू दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. सुधाकरांचं दुखणं निघालं तेव्हा तो रोज फोन करायचा, "ताई, भाऊजींना इकडे आण, इथली हॉस्पिटलं मोठी आहेत, मी सगळं बघतो." मी नाही नेलं. माती झाल्यावर कबरस्तानाच्या फाटकापाशी तो रडत रडत म्हणाला, "ताई, दिल्लीला आणलं असतंस तर..." पुढचं बोलला नाही. बोलायला उरलं तरी काय होतं? तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलास का?", "हो, तू?" आणि टुक. त्याचं ते अर्धं वाक्य मी रोज सकाळी चहाबरोबर गिळत होते. खरंच मीच मारलं का त्यांना?

जानेवारीत माझ्या भाचीचा, एस्तेरचा फोन आला. पंधरा वर्षांची आहे, जन्म दिल्लीचा, त्यामुळे मराठी निम्मं आणि प्रेम दुप्पट. "आत्या, पापांची बदली झाली. गुवाहाटी. मार्चमध्ये क्वार्टर सोडायचा आहे. तू एकदा पण नाही आलीस इथे. ये ना यार!"

आत्याला 'यार' म्हणणारी ही पोरगी. तिला नाही कसं म्हणणार? शिवाय पानिपत बघायचं सुधाकरांच्या फार मनात होतं. तिकीट काढलं आणि मनाशी नियम केला. दिल्ली बघायची, पानिपत बघायचं, भावजयीच्या हातचं खायचं. बाळूशी त्या विषयावर बोलायचं नाही, आणि देवाशी कुठल्याच विषयावर बोलायचं नाही.

बुधवार-गुरुवार: नगर ते दिल्ली

नगरवरून निजामुद्दीनला थेट गाडी आहे. सकाळी बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. थर्ड एसीचं तिकीट दोन हजारांच्या आत बसतं, पण महिनाभर आधी काढा. पँट्रीच्या जेवणाच्या वाटेला जाऊ नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेली मिरची एवढं बरोबर असलं की मनुष्य भोपाळपर्यंत कुणाचा मिंधा राहत नाही. फेब्रुवारीत जात असाल तर शाल पिशवीत वरच ठेवा, मी बॅगेच्या तळाशी ठेवली आणि पहाटे आग्र्याच्या अलीकडे कुडकुडत बसले.

समोरच्या बाईंनी कोपरगावच्या आसपासच विचारलं, "एकट्याच?"

"हो, एकटीच," मी म्हणाले. बत्तीस वर्षांत गाडीत हे उत्तर पहिल्यांदा दिलं. मग खिडकीकडे तोंड करून मनमाड येईपर्यंत ज्वारीची शेतं बघितली.

निजामुद्दीनला बाळू फलाटावर उभा होता. केस पार पांढरे झालेत. वाकून नमस्कार केला, बॅग घेतली. आमचा संवाद जसाच्या तसा देते:

"प्रवास ठीक?"

"ठीक."

"थंडी आहे."

"आहे की."

"चहा?"

"घेऊ."

आई असती तर दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला असता.

स्टेशनच्या शेजारीच मेट्रोची पिंक लाइन आहे. तिथून सरोजिनी नगर थोडक्यात येतं. टॅक्सीवाल्यांच्या घोळक्याला भुलू नका, तीस-पस्तीस रुपयांत काम होतं. पुढे लक्ष्मीबाई नगरपर्यंत ऑटो. जुने बैठे क्वार्टर पाडून आता उंच इमारती झाल्यात. बाळूचं घर सातव्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर पडलं की एका दारातून सांबाराचा वास, दुसऱ्यातून मोहरीच्या तेलाचा, आणि तिसऱ्यातून कढीपत्त्याची फोडणी. ते तिसरं दार आपलं.

भावजय ग्रेस दारातच गळ्यात पडली. "ताई, किती वाळलात हो!" म्हणाली आणि लगेच डोळे पुसत कुकरकडे पळाली. ती मूळची जालन्याची. वीस वर्षं दिल्लीत काढली, पण रश्श्यात काळा मसालाच घालते.

शुक्रवार: सरोजिनी नगर

सरोजिनी नगरचा बाजार सोमवारी बंद असतो, हे आधी लिहून ठेवा. शुक्रवारी दुपारी जा, शनिवार-रविवारी मुंगीला शिरायला जागा नसते. शंभरात टॉप, दोनशेत स्वेटर, आणि दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची. एस्तेर घासाघीस करायला लागली की बघत राहावं. हात हलवत, मान फिरवत, "भैया, रहने दो" म्हणत चार पावलं पुढे जायची आणि भैया मागून हाक मारायचा.

मीही प्रयत्न केला. "भैया, ये हमको परवडता नहीं."

भैया माझ्याकडे बघतोय, एस्तेर माझ्याकडे बघतेय. "आत्या, परवडता म्हणजे?"

"म्हणजे खिशाला झेपत नाही, बाई."

"मग अफोर्ड बोल ना!"

धन्य! मराठी शब्दाचा अर्थ मराठी पोरीला सांगायचा, आणि तिला तो कळणार इंग्रजीत. दोघी तिथेच रस्त्यात हसत सुटलो.

पुढच्या ढिगात एक पुरुषी स्वेटर दिसला. गर्द निळा, मोठ्या मापाचा. मी तो उचलला, अंदाज घ्यायला खांदे ताणून धरले, आणि मग लक्षात आलं की मी कुणाचं माप घेतेय. हातातून सुटेना तो. मागून लोक ढकलत होते. एस्तेर पुढे झाली. माझ्या हातातला स्वेटर हळूच घेतला आणि म्हणाली, "हा पापांना होईल, आत्या. त्यांचा फाटलाय." आम्ही तो बाळूसाठी घेतला. पोर गुणाची आहे हो.

शनिवार: मुरथल आणि पानिपत

दिल्ली ते पानिपत जेमतेम शंभर किलोमीटर. रस्ता रुंद आणि गुळगुळीत, टोल मात्र लागतो. स्वतःची गाडी नसेल तर कश्मीरी गेटच्या बसअड्ड्यावरून हरियाणाच्या बसा सुटतात, दीड-दोनशे रुपयांत आणि दोन तासांत पानिपत. पुढे ऑटो ठरवून काला अंबला जायचं, ते गावाबाहेर आठेक किलोमीटर आहे. सकाळी धुकं असतं, म्हणून नऊच्या आधी निघण्याची घाई करू नका.

वाटेत मुरथलला पराठा खाल्ला नाही तर दिल्लीवाले तुम्हाला माणसात धरत नाहीत. एक आलू-प्याज पराठा मागवला, त्यावर लिंबाएवढा पांढऱ्या लोण्याचा गोळा. बाळूनं न बोलता स्वतःच्या ताटातलं लोणी माझ्या ताटात सारलं. लहानपणी आईचं लक्ष नसताना तो साय अशीच माझ्या वाटीत टाकायचा, त्याला साय आवडायची नाही. लोणी त्याला आवडतं. मला बरं वाटलं आणि राग पण आला. नियम केला होता ना!

काला अंब म्हणजे चारी बाजूंनी शेतं आणि मधे राखलेली बाग. जिथे सदाशिवरावभाऊ पडले असं म्हणतात, त्या जागी एक आंब्याचं झाड होतं, रक्तानं माती काळवंडली म्हणून काला अंब. झाड आता नाही, स्मारकाचा स्तंभ आहे. संक्रांतीला इथे मराठी माणसांची गर्दी होते. आम्ही गेलो तेव्हा सांगलीकडची एक सहल होती, दहा-बाराजण. सगळ्यांनी आधी चपला काढून स्तंभापुढे डोकं टेकवलं. माझ्याही अंगावर काटा आला. इतक्या लांब, इतक्या थंडीत, बायकामुलांसकट ही माणसं इथे उपाशी लढली. आणि दहाव्या मिनिटाला त्या मंडळींचं सुरू झालं.

"यमुना आधीच उतरले असते तर?"

"बायकापोरं दिल्लीला ठेवली असती तर?"

"अहो, सुरजमलचं ऐकलं असतं ना, तर आज..."

बाळूला इतिहासाचं वेड. तोही घुसला त्यात. "रसद पोचली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. वेळेवर हललं असतं तर माणसं वाचली असती."

काय झालं मला कुणास ठाऊक. सगळ्यांसमोर मी कडाडले, शाळेत कडाडायचे तशी. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! अडीचशे वर्षं झाली, अजून जर-तर उगाळताय. कोण उठून आलंय का जर-तरनं?"

एस्तेरनं घाबरून विचारलं, "आत्या, तुला कुठे मिशा आहेत?" एकजण फिसकन हसला, सगळेच हसले, आणि वेळ निभावली. फक्त बाळू हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि मी स्तंभाकडे. आम्हा दोघांनाही कळलं होतं की मी पानिपतावर बोलले नव्हते.

परतीच्या वाटेवर गाडीत ग्रेसनं दोनदा गाणी लावली आणि दोनदा बंद केली.

रविवार: घरसभा

दिल्लीत मराठी ख्रिस्ती मंडळींची महिन्यातून एकदा घरसभा असते. दर खेपेला वेगळं घर. सतरंज्या अंथरायच्या, मराठी भजनं म्हणायची, प्रार्थना, दोन शब्द संदेश, मग चहा-पोहे. या महिन्यात पाळी बाळूकडे होती, त्याच्या दिल्लीतली शेवटची. सरकारी नोकरीतली कुटुंबं येतात, राजेंद्र नगरकडे राहून स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारी पोरं येतात. त्यातली निम्मी ख्रिस्ती नसतात, पोह्यांसाठी आणि मराठी ऐकण्यासाठी येतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पेटी वाजवायला खालच्या मजल्यावरचे देशपांडेकाका असतात. पक्के वारकऱ्यांच्या घरातले. "देव कुठला का असेना, सूर चुकलेला मला खपत नाही," असं म्हणून सात वर्षांपूर्वी बसले ते बसलेच. परगावातल्या मराठी माणसाला अशी सभा सापडली तर नक्की जा, धर्म कुठलाही असो.

मी मागे भिंतीला टेकून बसले. गायले नाही. देशपांडेकाकांची पेटी सुरेख चालली होती, ती ऐकली.

या मंडळींची एक रीत आहे, ती नीट सांगते. एक जाडजूड वही. पुढच्या बाजूनं विनंत्या लिहायच्या: कुणाचं आजारपण, कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न ठरत नाही. दर सभेला सगळ्या विनंत्या नावानिशी वाचून प्रार्थना करतात. मागच्या बाजूनं उपकार लिहायचे, म्हणजे ज्यासाठी देवाचे आभार मानायचे ते. आणि नियम कडक: ज्यानं विनंती लिहिली त्यानंच ती खोडायची, तीही सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष देऊन, म्हणजे देवानं काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगून. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकाचं दुःख दुसऱ्याच्या निष्काळजीपणानं वहीतून गळू नये, म्हणून. मला ही रीत फार आवडली. पाच मिनिटंच.

वाचायची पाळी पल्लवीची होती. परभणीकडची मुलगी, अभ्यासासाठी दोन महिन्यांपूर्वीच दिल्लीला आलेली. तिला कुणाचीच माहिती नाही. खणखणीत आवाजात वाचत गेली. कुणाच्या आईचे डोळे, कुणाच्या मुलाची मुख्य परीक्षा. आणि मग:

"सुधाकर भाऊजी, नगर. किडनीचा आजार. दिल्लीला उपचारासाठी आणण्याचा निर्णय लवकर व्हावा."

पेटीचा भाता देशपांडेकाकांच्या हातात तसाच राहिला. खोलीतल्या सगळ्या जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. सगळ्यांना ठाऊक होतं! आणि ती बिचारी पल्लवी डोळे मिटून मनापासून म्हणत होती, "प्रभू, सुधाकर भाऊजींना सुखरूप दिल्लीला आण, त्यांना बरं कर, त्यांच्या घरच्यांना धीर दे."

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. राग आला होता की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. मागोमाग ग्रेस आली. "ताई, माफ करा हो. मी यांना दर महिन्याला सांगते. पल्लवी नवी आहे, बाकीचे ते नाव वाचत नाहीत, नुसते थांबतात. तिला सांगायचं राहिलंच." तिच्या मागे बाळू. ग्रेसनं गॅस बंद केला आणि ती बाहेर गेली.

"का नाही खोडलंस?" मी विचारलं. "अकरा महिने! मेलेल्या माणसाला बरं कर म्हणून सांगताय देवाला?"

"उभं राहून काय सांगू, ताई?" तो ओट्याला धरून उभा होता, अंगात तो निळा स्वेटर. "साक्ष काय देऊ? देवानं ऐकलं नाही, असं सांगू? दोन सभांना उठलो. उभा राहिलो आणि परत बसलो."

"आणि फाटकापाशी मला सांगायला बरा उभा राहिलास!"

बोलून गेले एकदाचं. तो ढसाढसा रडायला लागला. चोपन्न वर्षांचा माणूस, हाताखाली इतकी माणसं, आणि पोह्यांच्या कढईशेजारी उभा राहून लहान पोरासारखा रडला.

"मी येणार होतो त्यांना घेऊन जायला," तो म्हणाला. "तुला न विचारता. रजा मंजूर होती, तिकिटं काढली होती. मग संसदेच्या अधिवेशनाचं काम आलं, साहेब म्हणाले पुढच्या महिन्यात जा. मी बरं म्हणालो. पुढच्या महिन्यात मातीलाच आलो. ते स्वतःला म्हणायची हिंमत नव्हती ताई, म्हणून तुला म्हणालो. माझं ओझं तुझ्या डोक्यावर टाकलं मी."

अकरा महिने आम्ही दोघं एकच दगड उचलून फिरत होतो, दोन वेगवेगळ्या गावांत. मीही मग सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं. दिल्लीला न जाण्याचा निर्णय माझा नव्हताच. एका दुपारी सुधाकरच म्हणाले होते, "शालू, मला इथंच राहू दे. नळ्या लावून परक्या गावात पडायचं नाही मला. आपल्या चर्चची घंटा ऐकू येते इथं. पण बाळूला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल." मी शब्द दिला आणि पाळला. तो पाळता पाळता मलाच वाटायला लागलं की सगळं माझंच केलेलं आहे.

"भाऊजी असं म्हणाले?" बाळूनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हणाले. मग त्यानं माझ्या पदरानं नाक पुसलं, शेंबडा कुठला!

आम्ही बाहेर आलो तेव्हा कुणी जागचं हललं नव्हतं. पल्लवी रडून लाल झाली होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी उभी राहिले. नियमाप्रमाणे बाळूनं उठायला हवं होतं, तर तोही माझ्याशेजारी उभा राहिला.

"प्रभू," मी म्हणाले. अकरा महिन्यांत तोंडातून न निघालेला शब्द. "मी तुझ्यावर रागावले आहे. अजून आहे. बरं कर म्हटलं होतं, तू नाही केलंस. का, ते मला कळत नाही, आणि कुणी समजावून सांगितलेलं मला नको आहे. पण तुझ्याशी न बोलून मी काय मिळवलं? घरात बोलायला आधीच एक माणूस कमी झालं होतं, तुला गप्प केलं तर दोन कमी झाली. तू होतास का रे तिथं, त्या वॉर्डात? असशील तर मला दिसायचा राहिलास. एवढंच." मग म्हणाले, "बाळूला सांभाळ. मलापण."

सगळ्यांत आधी आमेन म्हणाले ते देशपांडेकाका.

सभा चालवणारे साळवेकाका सत्तरीचे आहेत, निवृत्त होऊन इथेच राहिलेत. त्यांनी वही बाळूपुढे धरली. बाळू पेन हातात घेऊन म्हणाला, "मी मागितलं ते मिळालं नाही. पण माझी ताई आज माझ्या घरी आहे आणि माझ्याशी बोलतेय. माझी साक्ष एवढीच." आणि त्यानं त्या नावावर रेघ मारली. नीट, पट्टी धरून मारावी तशी सरळ.

साळवेकाकांनी वही उलटी केली. "शालिनीबाई, मागे काय लिहू? लिहायलाच पाहिजे असं नाही."

"लिहा," मी म्हणाले. "सुधाकर. बत्तीस वर्षं."

त्यांनी लिहिलं. नंतरचं भजन मी म्हटलं. वरच्या पट्टीत चिरकले, देशपांडेकाकांनी डोळे वटारले, पण म्हटलं. पोहे मात्र पार गार झाले होते.

सोमवार: परत

निजामुद्दीनला जाताना मेट्रोत बाळू आणि मी सुधाकरांचे किस्से काढून इतके हसलो की समोरच्या पंजाबी आजी पण हसायला लागल्या. फलाटावर त्यानं गजकाचे, म्हणजे तिळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचे, चार डबे हातात कोंबले. "गुवाहाटीला येशील ना?" म्हणाला. म्हटलं, "आधी जाऊन बघ तिथं पोहे मिळतात का." एस्तेर गाडीबरोबर चालत होती. "आत्या, तुझी प्रेयर एकदम डांटनेवाली होती," ती ओरडली. "बेस्ट!"

घरी येऊन आता तीन आठवडे झालेत. काय उरलं ते प्रामाणिकपणे सांगते. सुधाकर नाहीत, आणि ते दुःख पसाभरही कमी झालेलं नाही. रविवारच्या शाळेत मी जे शिकवत होते, की प्रार्थनेला उत्तर मिळतंच, ते मी आता तसं शिकवणार नाही. प्रार्थना म्हणजे अर्ज नव्हे, हे कळायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली. आपलं माणूस रुसलेलं असलं तरी आपण जेवायला हाक मारतोच, तेवढं तरी देवाशी चालू ठेवायचं. माझी श्रद्धा वाढली का? मला वाटतं वाढली. पूर्वीसारखी टवटवीत नाही दिसत, पण मूळ खाली गेलंय.

आणि एक झालं. आमच्या गल्लीत मंदा राहते, साड्यांना पिको-फॉल करते. तिच्या नवऱ्याच्या किडन्या डिसेंबरात गेल्या. मी दिल्लीला जायच्या आधी ती दोनदा दारात आली होती आणि मी आत असून दार उघडलं नव्हतं. मला माहीत होतं ती काय विचारणार ते. मी परतल्यावर त्याच आठवड्यात ती तिसऱ्यांदा आली. उघडलं.

"बाई, तुम्हीच सांगा. लोक म्हणतात पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात ने. इथंच ठेवू की नेऊ? माझं चुकलं तर?"

तिला आत घेतलं, गजकाचा तुकडा हातात दिला. "पुण्यात काय होतं आणि इथं काय होतं, ते मला माहीत आहे तेवढं सगळं सांगते," म्हटलं. "पण आधी सांग, त्यांना काय हवंय? विचारलंस का?"

मंदानं गजकाचा तुकडा खाली ठेवला. "नाही हो. त्यांना कुणीच नाही विचारलं."

"मग आज विचार. दोघं मिळून ठरवा, आणि ते जे म्हणतील ते चारजणांना स्पष्ट सांग. मनात ठेवू नकोस, माझ्यासारखं." मग जरा चाचरत विचारलं, "प्रार्थना करू का तुमच्यासाठी?"

"करा की," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमचा देव काय मला ओळखत नाही का?"

केली. चार वाक्यांची, आणि त्यात भांडण नव्हतं.

त्यांनी सध्या इथंच राहायचं ठरवलंय. डायलिसिसची पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार. सेंटर तेच, जिथे मी दोन वर्षं काढली आणि पुन्हा पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतली होती. गुरुवारी मंदाला साड्या पोचवायच्या असतात, म्हणून त्या दिवशी तिच्या नवऱ्याजवळ मी बसते. पहिल्या गुरुवारी जिन्याच्या तळाशीच पाय अडले. "प्रभू, चल बाबा बरोबर," एवढंच म्हणाले, आणि त्याच्या जेवणाचा डबा सांभाळत वर गेले.